एकोणचाळीस गावांचा पुरावा आणि देशाचे धोरण

बाळंतपण आटोपून दवाखान्यातून घरी परतलेल्या स्त्रीच्या दारात तिसऱ्या दिवशी एक 'आशा' येते. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि एक छापील तक्ता असतो. ती साबणाने हात धुते, झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करते, काखेत थर्मामीटर लावते आणि एका मिनिटात बाळ किती वेळा श्वास घेते ते मोजते. बेंबी लाल झाली आहे का, अंगावर पुवाचे फोड आहेत का, बाळ नीट ओढून दूध पिते का, हे पाहून तक्त्यात खुणा करते. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती पुन्हा येते. बाळंतपण घरीच झाले असेल, तर पहिल्या दिवसाची एक भेट अधिक. सर्व भेटी पूर्ण झाल्या की तिला मिळणारा मोबदला ठरला तो २५० रुपये.

'घरोघरी नवजात बालसेवा' या राष्ट्रीय कार्यक्रमाची ही चौकट केंद्र सरकारने २०११ मध्ये आखली. मात्र तिचा उगम दिल्लीतील कोणत्याही समितीत झालेला नाही. तो गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत, १९९३ ते १९९८ या काळात चाललेल्या एका क्षेत्रीय प्रयोगात आहे. या प्रयोगाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरावा हाती येणे आणि त्याचा सरकारी नियम होणे, यांत बारा वर्षे गेली. आजार आणि मृत्यू टाळण्याचे शास्त्र पुढे गेले तरी ते लोकांच्या घरापर्यंत का व कसे पोहोचते, किंवा वाटेत कुठे सांडते, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातच घडलेले याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रश्न कोणी निवडायचा?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतल्यावर १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आरंभीच्या काळात त्यांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचा अभ्यास हाती घेतला. शास्त्रीय दृष्टीने विषय महत्त्वाचा होता आणि आदिवासी समाजात हा दोष आढळतही होता. परंतु लोकांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने ती त्यांची निकडीची अडचण नव्हती. संशोधकाला जे औत्सुक्याचे वाटते ते गावाला गरजेचे वाटेलच असे नाही, हा धडा बंग दाम्पत्याने नंतर अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे.

लहान मुलांचे मृत्यू ही मात्र घराघरातील व्यथा होती. त्यात न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे जलद श्वास. पण तो मोजायचा तर पन्नास-साठपर्यंत अंक यायला हवेत आणि गावातील कित्येक सुइणींना ते येत नव्हते. त्यासाठी एक साधे साधन तयार करण्यात आले. लाकडी फळीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. उपचाराच्या गावांत मुलांचे न्यूमोनियामुळे होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले. अक्षरओळख नसलेली सुईण हे काम करू शकते, हे त्यातून दिसले आणि पुढच्या प्रयोगाचे धाडस तेथूनच आले.

७६३ बाळांचे निरीक्षण

जन्मापासून पहिल्या २८ दिवसांत होणाऱ्या मृत्यूंना नवजात मृत्यू म्हणतात. बालमृत्यूंमध्ये यांचाच वाटा मोठा असूनही, या बाळांना वाचवायचे तर रुग्णालय, काचेची पेटी आणि बालरोगतज्ज्ञ हवेत, अशी त्या काळातील रूढ समजूत होती. ही बाळे प्रत्यक्षात कोणत्या स्थितीत असतात, हे पाहण्यासाठी 'सर्च'ने १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण केले. त्यांपैकी ९५ टक्के बाळांचा जन्म घरीच झाला होता. ४२ टक्के बाळे जन्मतः कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरांनी पाहिली ती अवघी २.६ टक्के. रुग्णालयात दाखल झाली ती ०.४ टक्के, म्हणजे ७६३ पैकी तीन.

या आकड्यांपुढे बाळाला रुग्णालयात आणण्याचा सल्ला किती पोकळ होता, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बाळ रुग्णालयापर्यंत येत नसेल तर उपचारच बाळापर्यंत नेला पाहिजे, असे ठरले. गावातीलच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांना 'आरोग्यदूत' असे नाव मिळाले. बाळंतपणाच्या वेळी सुइणीसोबत हजर राहणे, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, स्तनपान जमत नसेल तर आईजवळ बसून ते जमवून देणे आणि पहिल्या महिन्यात वारंवार घरी जाणे, हे त्यांचे काम. जंतुदोषाची, म्हणजे सेप्सिसची लक्षणे दिसल्यास आधी रुग्णालयात जाण्याचा सल्ला द्यायचा. कुटुंबाने नकार दिल्यास त्यांची लेखी संमती घेऊन जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने घ्यायचे प्रतिजैविक घरीच सुरू करायचे. पर्यवेक्षक नियमित येऊन नोंदी तपासत आणि प्रत्येक जन्माची व मृत्यूची स्वतंत्रपणे पडताळणी होत असे.

प्रयोगाआधी या गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो ५८ होता. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत तो २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत ६० च्या आसपासच राहिला. ही घट ६२ टक्के इतकी होती. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. दर बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. दर १८ बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला.

खुंटी मिळेपर्यंतची बारा वर्षे

एवढा स्पष्ट पुरावा मिळाल्यावर सरकारने तो उचलून धरायला हवा होता, असे वाचकाला वाटेल. तसे घडले नाही, आणि त्याला सरकारी अनास्थेखेरीज इतरही कारणे होती. डॉक्टर नसलेल्या स्त्रीने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यावे, ही कल्पनाच वैद्यकीय वर्तुळातील अनेकांना धोक्याची वाटत होती. दुसरी शंका अधिक मूलभूत होती. ३९ गावांत ध्येयवादी डॉक्टर दाम्पत्य, पारखून घेतलेल्या कार्यकर्त्या आणि कडक देखरेख असताना जे साधले, ते तालुक्याच्या सरकारी यंत्रणेला साधेल का? प्रतिबंधाच्या शास्त्रात हा प्रश्न नेहमीचाच आहे. उपाय गुणकारी असणे वेगळे आणि तो सामान्य परिस्थितीत, सामान्य माणसांच्या हातून गुणकारी ठरणे वेगळे.

या शंकेला उत्तर वादाने मिळणार नव्हते, पुन्हा प्रयोग करूनच मिळणार होते. 'अंकुर' या प्रकल्पात महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी २००१ ते २००५ या काळात आपापल्या ठिकाणी हीच पद्धत राबवली आणि नवजात मृत्युदर ५१ टक्क्यांनी घटला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत चाचणी घेतली. उत्तर प्रदेशातील शिवगड आणि बांगलादेशातील सिल्हेट येथील घरभेटींच्या प्रयोगांचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. शिवगडमध्ये नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी, तर सिल्हेटमध्ये ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली.

याच काळात महाराष्ट्रात आणखी एक लढा सुरू होता. तो मृत्यू मोजण्याचा होता. राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेल्या पाहणीचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू आणि सरकारी दप्तरात नोंदले जाणारे बालमृत्यू यांत मोठी तफावत असल्याचे त्याने दाखवून दिले. जन्मून दोन तासांत दगावलेले बाळ अनेकदा जन्मनोंदीतही येत नाही आणि मृत्यूनोंदीतही नाही. ज्या मृत्यूची नोंदच नाही तो टाळण्यासाठी कोणते खाते तरतूद करणार? विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत गाजलेल्या या अहवालानंतर राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

तरीही धोरणाचे दार उघडले ते पुराव्याच्या जोरावर एकट्याने नव्हे. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून गावोगावी 'आशा' नेमण्याचे ठरले. गावात राहणारी, साधारण हजार लोकवस्तीमागे एक असलेली स्त्री देशव्यापी यंत्रणेत आली. १९९९ मध्ये गडचिरोलीचा निष्कर्ष टांगायला सरकारकडे खुंटीच नव्हती. आता ती मिळाली. आशांच्या प्रशिक्षणाच्या सहाव्या व सातव्या पुस्तिकांत नवजात बाळाच्या काळजीचे कौशल्य समाविष्ट झाले आणि २०११ मध्ये घरभेटींच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. संशोधकांनी धोरणकर्त्यांना दोष देताना ही बाजूही ध्यानात घ्यायला हवी. उत्तम पुरावासुद्धा राबवणारे हात असल्याशिवाय कागदावरच राहतो.

वाटेत काय गळाले?

येथवरची कथा यशाची आहे. पण गडचिरोलीत जे झाले आणि देशाने जे स्वीकारले, ते दोन्ही एकच आहे का?

बंग व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दहा वर्षांच्या आकडेवारीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. टळलेल्या नवजात मृत्यूंचे श्रेय कोणत्या कामाला किती, याचा अंदाज त्यात मांडला होता. सेप्सिसच्या उपचाराचा वाटा ३६ टक्के, कमी वजनाच्या बाळांच्या विशेष देखभालीचा ३४ टक्के आणि जन्मतः श्वास गुदमरलेल्या बाळांवरील उपायांचा १९ टक्के. आजार मुळातच होऊ नयेत यासाठी दिलेल्या आरोग्यशिक्षणाचा व प्राथमिक प्रतिबंधाचा वाटा अवघा ७ टक्के होता.

आता राष्ट्रीय कार्यक्रमाकडे पाहावे. आशाच्या हाती इंजेक्शन दिले गेले नाही. लक्षणे ओळखून बाळाला पुढे पाठवणे एवढेच तिचे काम ठरले. म्हणजे सर्वांत मोठा वाटा असलेला घटक वगळला गेला, किंवा तो संदर्भसेवेच्या भरवशावर सोडला गेला. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्याने गुदमरलेल्या बाळाची जबाबदारी प्रसूतिकक्षाकडे गेली आणि ते योग्यच झाले. घरभेटींच्या वाट्याला प्रामुख्याने कमी वजनाच्या बाळाची देखभाल, लक्षणांवर नजर आणि सल्ला एवढे उरले. सरकारी यंत्रणेला सर्वांत सहज उचलता येते ते भित्तिपत्रक आणि तोंडी संदेश, आणि गडचिरोलीच्या हिशेबात नेमका त्यांचाच वाटा सर्वांत लहान होता.

या निष्कर्षाला शिवगडचा अनुभव छेद देतो, हेही नमूद करायला हवे. तेथे इंजेक्शन नव्हते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणे, लगेच अंगावर पाजणे, नाळ स्वच्छ ठेवणे अशा सवयींवरच भर होता आणि तरीही मृत्यू निम्म्याहून खाली आले. मात्र तेथील कार्यकर्ते संदेश सांगून निघून जात नव्हते. आई, सासू आणि शेजारीण यांना सोबत घेऊन ती गोष्ट करवून घेत होते. सल्ला देणे आणि बाळ अंगावर पिऊ लागेपर्यंत बाजेजवळ बसून राहणे, ही दोन वेगळी कामे आहेत. सरकारी तक्त्यात दोन्हींसाठी एकच चौकोन असतो.

मोठ्या प्रमाणावर राबवल्यावर परिणाम किती उरतो, याचे उत्तर हरियाणातील एका चाचणीने दिले. फरिदाबाद जिल्ह्यातील १८ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत सरकारी यंत्रणेमार्फतच घरभेटी व आजारी बाळांच्या उपचारांचा कार्यक्रम राबवून त्याची तपासणी झाली. निष्कर्ष २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. एकूण नवजात मृत्यूंतील घट ९ टक्के होती आणि सांख्यिकीच्या कसोटीवर ती ठामपणे सिद्ध झाली नाही. जन्मानंतरचे पहिले २४ तास वगळले तर घट १४ टक्के. घरी जन्मलेल्या बाळांत ती २० टक्क्यांच्या आसपास होती. बासष्ट आणि नऊ यांमधील अंतर म्हणजे प्रयोग आणि धोरण यांमधील अंतर, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. कार्यक्रम वेगळा होता आणि काळही बदलला होता. तरी दिशा कळण्यास ते पुरेसे आहे.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये यांतील एक दुवा काही अंशी परत जोडला. सेप्सिसचा संशय असलेल्या बाळाला रुग्णालयात नेणे शक्य नसेल वा कुटुंब नकार देत असेल, तर उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला, म्हणजे एएनएमला जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची मुभा मिळाली. 'लॅन्सेट'मधील लेखाला तोवर पंधरा वर्षे होत आली होती.

मुंबईच्या वस्त्यांतील वेगळे उत्तर

शहरी वाचकाने हा प्रश्न केवळ दुर्गम जिल्ह्यांचा मानू नये. गटचर्चेतून प्रतिबंध ही दुसरी एक पद्धत नेपाळमध्ये यशस्वी ठरली होती. गावातील स्त्रियांनी दरमहा एकत्र बसून बाळंतपणाच्या अडचणी ओळखायच्या आणि त्यावर स्वतःच तोडगे शोधायचे. मकवानपूर जिल्ह्यातील या प्रयोगात नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचे २००४ मध्ये दिसले. झारखंड व ओडिशातील आदिवासी भागांत त्याहून चांगले यश मिळाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हीच पद्धत 'स्नेहा' या संस्थेने मुंबईतील ४८ झोपडपट्टी भागांत शास्त्रीय चाचणी म्हणून तपासली. निम्म्या भागांत स्त्रियांचे गट, निम्म्यांत नाही. निष्कर्ष २०१२ मध्ये आले: नवजात मृत्यूंमध्ये घट झाली नाही.

कारणे उघड आहेत. मुंबईच्या वस्तीत बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयात होत होती. स्त्रियांना तेथे जाण्यास प्रवृत्त करण्याची आवश्यकता फारशी उरली नव्हती. अडचण रुग्णालय गाठण्यात नव्हती. ती तेथे मिळणाऱ्या सेवेच्या दर्जात, एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवण्यात आणि भाड्याच्या खोल्यांत वारंवार बदलणाऱ्या वस्तीत होती. गावाचा पुरावा शहराला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे सांगण्यासाठीसुद्धा चाचणी घ्यावी लागते आणि अपयशाचा निष्कर्ष छापण्याचे धैर्य लागते. असे निष्कर्ष धोरणकर्त्यांच्या टेबलावर यशोगाथांइतके अगत्याने मांडले जात नाहीत.

देशाचा नवजात मृत्युदर २००० मध्ये हजारी ४४ होता, तो नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये २० वर आला. महाराष्ट्रात त्या वर्षी तो ११ होता. याचे श्रेय एकट्या घरभेटींना देता येणार नाही. रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ८८ टक्क्यांच्या पुढे गेले. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचे विशेष कक्ष उभे राहिले, रस्ते व रुग्णवाहिका आल्या, मुलींच्या विवाहाचे वय आणि शिक्षण वाढले.

या यंत्रणेचे सर्वांत नाजूक टोक आजही आशाच आहे. ती सरकारी कर्मचारी नाही. तिचे उत्पन्न मानधन व कामानुसार मिळणारा मोबदला यांवर चालते. महाराष्ट्रातील आशा व गटप्रवर्तकांनी २०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये मोबदल्याच्या मागण्यांसाठी संप केले. मूळ प्रयोगात आरोग्यदूताच्या मागे नियमित येणारा, तिच्यासोबत घरात शिरून बाळ पाहणारा पर्यवेक्षक होता. सरकारी रचनेत ती जागा गटप्रवर्तकाची आहे आणि तिच्या वाट्याला वीस-पंचवीस आशा व तितक्याच जणींच्या अहवालांचे एकत्रीकरण येते. पैसा भरलेल्या तक्त्यावर मिळतो. पर्यवेक्षणही मग तक्त्याचेच होते. बाळाचा श्वास खरोखर पूर्ण मिनिटभर मोजला की अंदाजाने आकडा लिहिला, हे कागद सांगत नाही.

दरम्यान, कार्यक्रमाचा विस्तार झाला आहे. २०१८ पासून बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही आशाने घरी जावे, वाढ, पूरक आहार व लसीकरण तपासावे, असे ठरले. भेटी पाच आणि भेटीमागे मोबदला ५० रुपये.